हवेचा घोट घेणारा मासा

उल्हासनगरात कॅम्प चारला बहुतेकांची घरे लहान. गाय, बकरी पाळायला अंगण नाही. पण पोरांना घरात काहीतरी जिवंत हवे असते. मग एक दिवस बाजारातून पिशवीत मासा येतो. पिशवीतून तो काचेच्या बरणीत जातो आणि आठ दिवसांत मरतो. पोरं रडतात. आजी म्हणते, "रडू नको बाळा. घरावरचं संकट माशानं आपल्या अंगावर घेतलं."

आजीचे बोलणे मायेचे आहे. पण मंडळी, मासा संकटाने मेलेला नसतो. तो कशाने मरतो आणि कसा जगतो, ते आज पाहू. त्यासाठी एक गरीब स्वभावाचा मासा घेऊ. त्याचे नाव गुरामी.

गुरामी कोण?

गुरामीच्या पुष्कळ जाती आहेत. काही फूटभर वाढतात. घरात ठेवायला हनी गुरामी चांगला. हनी म्हणजे मध. नराचा रंग मधासारखा पिवळा असतो. हा मासा वाढून वाढून दोन इंच होतो. तो परदेशातला नव्हे. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यातला, संथ पाण्यात, गवताच्या आडोशाला राहणारा. १८२२ साली हॅमिल्टन नावाच्या विद्वानाने गंगेच्या माशांवर मोठे पुस्तक लिहिले. त्यात या माशाची नोंद आहे.

त्याच्या पोटाखाली दोन लांब धागे असतात. आंधळा माणूस काठीने वाट चाचपतो, तसा हा मासा त्या धाग्यांनी सगळे चाचपून बघतो.

तो वर का येतो?

बाकीचे मासे कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतात. गुरामीला कल्ले आहेतच. शिवाय कल्ल्यांच्या वर एक घडीघडीचा अवयव आहे. त्यात तो बाहेरची हवा भरून घेतो. म्हणून दर थोड्या वेळाने तो वर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि खाली जातो. हे दुखणे नव्हे, हा त्याचा धर्म आहे. त्याला वर येऊ दिले नाही तर तो पाण्यात असूनही गुदमरतो. म्हणून पेटी काठोकाठ भरू नये. पाणी आणि झाकण यांच्यात दोन इंच हवा सोडावी.

आता खरी गोष्ट ऐका. हवा घेता येते म्हणून गुरामी लहान बरणीतही काही दिवस तग धरतो. ते पाहून लोक म्हणतात, "याला काय, बरणीही चालते." इथेच चूक होते. जो सोसतो त्याच्यावरच जास्त लादायचे, ही माणसाची जुनी खोड आहे. सोसणे वेगळे आणि जगणे वेगळे.

न दिसणारे विष

मासा खातो, तसा मळही टाकतो. त्यातून आणि त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया नावाचे विष पाण्यात उतरते. पाणी दिसायला काचेसारखे स्वच्छ असते, पण आत विष साठत जाते. उरलेले खाणे कुजले की त्यात आणखी भर पडते. बरणीत पाणी थोडे, म्हणून विष लवकर वाढते. आठ दिवसांत मासा मरतो तो बहुधा यामुळे. हवा बाहेरून घेता येते, पण अंगाभोवतीचे पाणी तर बदलता येत नाही ना!

आपल्यालाही हे ठाऊक आहे. २०१४ साली उल्हासनगरात वालधुनीच्या पाण्यात कोणी घातक रसायन ओतले. काठावरच्या शेकडो माणसांना श्वासाचा त्रास झाला. आसपासच बिघडले तर माणूस काय आणि मासा काय, पळणार कुठे?

पाण्यातले सफाई कामगार

या विषावर निसर्गानेच उपाय ठेवला आहे. काही जिवाणू अमोनिया खातात आणि त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते. पाणी बदलले की ते कमी होते. हे जिवाणू वाळूवर, काचेवर आणि मुख्य म्हणजे फिल्टरच्या स्पंजात राहतात. पण त्यांना वाढायला चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून आज पेटी आणून आजच मासा सोडू नये. आधी पेटी भरावी आणि फिल्टर चालू करावा. रोज चिमटीभर खाणे टाकावे, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळेल. महिना-दीड महिना थांबावे. ओळखीच्या घरी निरोगी माशांची जुनी पेटी असेल तर तिथला वापरलेला स्पंज आणावा. काम लवकर होते. अमोनिया तपासायचे किट दुकानात मिळते. त्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मासा आणावा.

थोडे गणित

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घ्यावी. म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटर, ३० सेंटिमीटर आणि ३० सेंटिमीटर. पाणी २५ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरू.

६० × ३० × २५ = ४५,०००

याला १,००० ने भागा. उत्तर ४५ लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे नुसते पाणीच ४५ किलो झाले! वर काच आणि वाळू. म्हणून पेटी फळीवर किंवा डगमगत्या टेबलावर ठेवू नये. भक्कम घोडीवर ठेवावी. ऊन थेट पडेल अशा खिडकीतही ठेवू नये. पाणी तापते आणि शेवाळ माजते.

नळाचे पाणी

नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. ते आपल्याला चालते. माशाचे कल्ले मात्र जळतात आणि उपयोगी जिवाणूही मरतात. म्हणून पाणी आले की बादलीत भरून ती दिवसभर उघडी ठेवावी. क्लोरीन उडून जाते. किंवा दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात, ते बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घालावेत. तुम्हाला आता वाचता येते. बाटलीवरचा मजकूर स्वतः वाचा. उघडी बादली आठवडाभर तशीच ठेवू नका. त्यात डास अंडी घालतात.

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. ४५ लिटरचा पाव म्हणजे सुमारे ११ लिटर, एक बादली. सगळे पाणी एकदम कधीच काढू नये. स्पंज नळाखाली धुऊ नये, साबण तर मुळीच लावू नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. नाहीतर महिनाभर पाळलेले सफाई कामगार मोरीत वाहून जातील. काढलेले पाणी तुळशीला घाला. ते चांगले खत आहे.

मासा घरी आला की

पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी. मग पेटीतले पाणी थोडे थोडे पिशवीत घालावे. शेवटी मासा जाळीने उचलून सोडावा. दुकानातले पाणी पेटीत ओतू नये.

एवढ्या पेटीत एक नर आणि दोन माद्या बऱ्या. सोबत लहान, शांत मासे ठेवावेत. टायगर बार्ब ठेवू नये. तो गुरामीचे धागे कुरतडतो. लपायला पाणवनस्पती हव्यात. फिल्टरचा प्रवाह मंद हवा. कारण वेळ आली की नर पानाखाली बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि अंडी राखतो. जोराच्या प्रवाहात ते घरटे मोडते.

खाणे दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. तोंड लहान, म्हणून खाणे चुरून घालावे. पोरांना सांगून ठेवा, "भूक माशाची बघायची, हौस आपली नाही."

पाणी २२ ते २८ अंशांत राहावे. पौष महिन्यात बदलापूर-अंबरनाथकडे पहाटे गारठा पडतो. तेव्हा लहान हीटर लावावा. पाण्यात हात घालण्याआधी विजेचे बटण बंद करायला विसरू नका.

नदीत सोडू नका

कंटाळा आला म्हणून मासा उल्हास नदीत किंवा तळ्यात सोडणे हे पुण्य नव्हे. चिलापी मासा १९५२ साली बाहेरून भारतात आणला. आज उजनी धरणात पाहावे तिकडे चिलापी. परका मासा पसरला की इथल्या माशांचा घास जातो. पाळणे जमत नसेल तर मासा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा.

मासा बोलत नाही. तो ओरडत नाही, दारात येऊन उभा राहत नाही. त्याचे जग म्हणजे आपण भरलेले ४५ लिटर पाणी. ज्याला तक्रार करता येत नाही, त्याची काळजी न सांगता घेणे, हेच पाळण्यातले खरे शिक्षण आहे.

विचार करा आणि लिहा

१. गुरामी वारंवार वर का येतो?
२. पाणी स्वच्छ दिसत असूनही मासा का मरतो?
३. स्पंज नळाखाली का धुऊ नये?
४. पेटी ५० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि पाणी २० सेंटिमीटर उंच आहे. पाणी किती लिटर? दर आठवड्याला किती बदलाल?