स्टार्टअप सोडू की नको?

प्रश्न : मित्रासोबत सॉफ्टवेअरची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. कमाई नाही. आता सोडलं तर वडिलांनी घातलेले पैसे बुडालेच ना?
– एक वाचक, कंधार

उत्तर : गेलेला पैसा थांबूनही परत येत नाही, हिशेब पुढच्या सहा महिन्यांचा मांडा. गिऱ्हाईक पैसे मोजत असेल तर मुदत ठरवून थांबा, नाहीतर निघा. लोक हसतील म्हणाल, तर गुंतवणूकदारांचे कोट्यवधी रुपये मिळालेलं पवईचं टायनीआउल हे जेवण मागवायचं अ‍ॅपही 2016 मध्ये रोडरनर या डिलिव्हरी कंपनीत विलीन झालं. मात्र शटर ओढलं म्हणजे कंपनी बंद होत नाही. सलग तीन वर्षं कंपनी निबंधकाकडची वार्षिक विवरणपत्रं चुकली तर संचालक अपात्र ठरतो. देणी फेडा, दोन आर्थिक वर्षं व्यवहार नसेल तर सीएमार्फत कंपनीचं नाव नोंदणीतून काढण्याचा एसटीके-2 अर्ज भरता येतो. बँकेला वैयक्तिक हमी दिली असेल, तर ती तुमच्याच मानेवर राहते. कर्जाचे कागद आजच काढून बघा.