उन्हाळ्यात बदलणारा स्फटिक

घन पदार्थ तापविला असता तो वितळतो, आणि वितळेपर्यंत त्याच्या अंतरंगात विशेष काही घडत नाही, अशी सर्वसाधारण समजूत असते. सेंद्रिय पदार्थांच्या बाबतीत ही समजूत 1832 सालीच डळमळली. त्या वर्षी लीबिग आणि व्होलर या जर्मन रसायनज्ञांनी बेंझामाइडाचे उष्ण द्रावण निवू दिले, तेव्हा प्रथम रेशमासारख्या तलम सुया तयार झाल्या. परंतु काही काळाने त्या सुया नाहीशा होऊन त्यांच्या जागी ठसठशीत, निराळ्या घडणीचे स्फटिक दिसू लागले. द्रव्य तेच होते, रेणूही तेच होते. बदलली होती ती केवळ त्या रेणूंची मांडणी. या गुणधर्मास बहुरूपता म्हणतात.

याचे घरगुती उदाहरण दिल्लीसारख्या शहरात सहज सापडते. थंडी सरली की तेथे लोकरीचे कपडे आणि रजया ट्रंकांत बंद होतात व त्यांत डांबराच्या गोळ्या टाकल्या जातात. बाजारात या गोळ्या दोन द्रव्यांच्या मिळतात. एक नॅप्थालीन; हा पदार्थ सुमारे 80 अंश सेल्सिअसला वितळतो आणि नेहमीच्या हवामानात तोपर्यंत आपले रूप सोडत नाही. दुसरा पॅराडायक्लोरोबेंझीन, त्याचा द्रवणांक 53 अंश आहे, पण त्याची खरी गंमत त्यापूर्वीच, 30.8 अंशांवर आहे. त्या तापमानाखाली त्याचे ‘आल्फा’ रूप स्थिर असते, त्यावर ‘बीटा’ रूप. आल्फा रूपात स्फटिकाच्या प्रत्येक एकक-कोशात दोन रेणू असतात आणि ते दोन निरनिराळ्या दिशांना कललेले असतात. बीटा रूपात कोशात एकच रेणू असतो, म्हणजे सारे रेणू एकाच दिशेने रचलेले असतात. रेणूच्या आतील अणूंना जोडणारे बंध बळकट असतात, पण रेणूरेणूंमधील आकर्षण क्षीण असते. म्हणून रेणू न मोडता त्यांची रास तेवढी नव्याने रचली जाऊ शकते.

दिल्लीत उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो. मग ट्रंकेतील प्रत्येक गोळी 30.8 अंश ओलांडताच आपले रूप बदलते काय? असे निश्चयाने सांगता येत नाही, आणि या विषयातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग हाच आहे. मॉस्को येथे कितायगोरोद्‌स्की, म्न्यूख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 नंतरच्या दशकात या पदार्थाचे एकेकटे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली तापवून पाहिले. निर्दोष स्फटिक संक्रमणाचे तापमान कित्येक अंशांनी ओलांडूनही जुन्याच रूपात राहतो. बदलाला बीज लागते, आणि ते बीज एखाद्या सूक्ष्म वैगुण्यात दडलेले असते. सुईच्या अग्राने स्फटिक टोचला तर त्या जागेपासून नवे रूप वाढू लागते. जुन्या व नव्या रूपांमधील सीमा हळूहळू पुढे सरकते आणि रेणू एकामागून एक जुनी रास सोडून नव्या राशीत सामील होतात. सैन्याने एका हुकुमासरशी वळावे तसा हा प्रकार नव्हे. बरोबर 30.8 अंशांवर तर सीमा हलतच नाही. ती हलण्यास तापमान थोडे वर किंवा खाली जावे लागते. म्हणूनच तापविताना आणि निवविताना हा बदल वेगवेगळ्या तापमानांस दिसतो.

तापमानाच्या आंतरराष्ट्रीय मापश्रेणीत (1990) या तापमानाच्या अगदी शेजारी एक स्थिरांक आहे: गॅलियम धातू वितळण्याचे तापमान, 29.7646 अंश. घनातून घनात होणाऱ्या संक्रमणास त्या श्रेणीत स्थान नाही. असा उशीर करणारा साक्षीदार प्रमाण म्हणून कोण स्वीकारील? भारतात तापमानाची प्रमाणके सांभाळण्याचे काम नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. तिचे पहिले संचालक के. एस. कृष्णन हे स्वतः सेंद्रिय स्फटिकांचे मर्मज्ञ अभ्यासक होते. 1933 च्या सुमारास त्यांनी नॅप्थालीन, अँथ्रासीन यांसारखे स्फटिक बारीक तंतूला टांगून चुंबकीय क्षेत्रात ठेवले आणि ते किती जोराने वळू पाहतात हे मोजले. बेंझीन-वलये असलेल्या चपट्या रेणूचे प्रतिचुंबकत्व त्याच्या पातळीच्या लंब दिशेत अधिक असते. तेव्हा स्फटिकाच्या वळण्यावरून आतील रेणू कोणत्या दिशेने कलले आहेत हे ताडता येते. अवघड प्रश्नाला इतके साधे उपकरण क्वचितच पुरले असेल.

काही स्फटिकांत रेणूंची जागा ठरलेली असते, पण दिशा नसते. कापूर हे त्याचे उदाहरण. त्याचे रेणू जवळजवळ गोलाकार असल्याने ते आपापल्या जागी गरगरत राहतात. खोलीच्या तापमानात कापूर मेणासारखा मऊ लागतो तो त्यामुळेच. शून्याखाली बरेच अंश निवविल्यावर हे भ्रमण थांबते आणि निराळी, शिस्तबद्ध रचना अवतरते.

औषधनिर्मितीत मात्र ही बाब गंमतीची राहत नाही. एड्सवरील रिटोनाव्हिर हे औषध 1996 साली अमेरिकेत विक्रीस आले, तेव्हा त्याचे एकच स्फटिकरूप ठाऊक होते. 1998 साली त्याच्या कॅप्सूलांत दुसरे, अधिक स्थिर रूप अकस्मात आढळले. ते फार कमी विरघळत असल्याने औषधाचा आवश्यक अंश शरीरात शोषला जाण्याची शाश्वती उरली नाही. नव्या रूपाची बीजे एकदा कारखान्यात शिरल्यावर तेथे जुने रूप तयार करणे दुरापास्त झाले. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या, औषधाची घडण नव्याने करावी लागली, आणि तोवर रुग्णांना बेचव द्रव औषधावर भागवावे लागले.