धंदा, सातबारा आणि बचत गट

‘उद्योजक’ म्हटलं की आपल्याला बिल गेट्स नाहीतर नारायण मूर्ती आठवतात. आयडिया चांगली, मेहनत भरपूर, की झाला बिझनेस! पण मित्रांनो, तेवढंच पुरलं असतं तर गावोगावी कारखाने दिसले असते. 1993 चे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ डग्लस नॉर्थ संस्थांना ‘खेळाचे नियम’ म्हणतात. काही नियम कायद्यात लिहिलेले, काही रीतिरिवाजात मुरलेले.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. गंगाखेड तालुक्यातलं राणीसावरगाव म्हणजे रेणुकादेवीचं गाव. समजा, तिथल्या एका ताईंना डाळमिल टाकायची आहे.

1) लिखित नियम : कर्ज जरा मोठं झालं की बँक तारण मागते. खेड्यात तारण म्हणजे जमीन आणि जमीन म्हणजे सातबारा. एकत्र हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली मिळाला. म्हणजे कायदा ताईंच्या बाजूने आहे.

2) अलिखित नियम : बहिणीने भावाला हक्कसोडपत्र करून द्यायचं, नाहीतर माहेर तुटतं! सही होते, नाव जातं, त्याबरोबर तारणही जातं. ‘धंदा करू नकोस’ असं कोणीच म्हणालेलं नसतं, तरी वाट बंद.

3) मधली वाट : 1992 पासून नाबार्डने बचत गट बँकांशी जोडले. 10 ते 20 जणी दरमहा बचत करतात, बँक गटाला कर्ज देते. इथे तारण म्हणजे एकमेकींची ओळख. गंमत बघा, जे ‘लोक काय म्हणतील’ बाईला अडवतं, तेच इथे हप्ता वेळेवर भरायला लावतं! मात्र गटातून वाट्याला येणाऱ्या छोट्या रकमेत शेवया-पापड होतात, डाळमिल अवघड.

‘लिज्जत’ 1959 साली गिरगावात 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलं. पापड घरीच लाटायचे, म्हणून रीतीशी भांडण नाही. पण मालकी लाटणाऱ्यांचीच. संस्कृती तीच, संस्थेची रचना वेगळी.

आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मशीनची किंमत असते, हॉर्सपॉवर असते. ते कोणाच्या नावावर होणार, हे नसतं. या सुट्टीत घरचा सातबारा एकदा वाचा. त्यावर आईचं, बहिणीचं नाव आहे का?