बेटावरचे इंग्रजीचे मास्तर : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

‘विद्यादान हे सर्वश्रेष्ठ दान’ हे वाक्य आपण शाळेच्या भिंतीवर वाचत वाचत लहानाचे मोठे झालो. परंतु दान म्हटले की देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा हात खाली, हे ओघानेच आले. देणारा परदेशातून आलेला, घेणारा समुद्रातल्या एखाद्या एवढ्याशा बेटावरचा आणि दानाची वस्तू म्हणजे इंग्रजी भाषा असेल, तर या दानाचे मोल कसे ठरवावयाचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचा प्रयत्न आहे.

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे सात दिवसांचे शिबिर एका खेड्यात होते. सकाळी श्रमदान, दुपारी ‘बौद्धिक’ आणि संध्याकाळी गावातील मुलांना शिकविणे असा कार्यक्रम होता. माझ्या वाट्याला इंग्रजी आले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. दहावीला इंग्रजीचे निबंध मी अर्थ न कळता पाठ करून लिहिले होते. तरीही त्या मुलांसमोर खडू हातात घेतल्यावर आपण कोणीतरी आहोत असे वाटले, हे खोटे कशाला सांगू? सहाव्या दिवशी मुले आपले नाव, गाव इंग्रजीत घडाघडा सांगू लागली. समारोपाला टाळ्या पडल्या. निघताना एका मुलीने विचारले, “ताई, उद्यापासून कोण?” मला उत्तर देता आले नाही. शाळेचे गुरुजी बाजूलाच उभे होते. सात दिवसांत त्यांना मी एकदाही विचारले नव्हते की, मुलांना काय येते आणि काय अडते.

परत आल्यावर अशा ‘पाहुण्या’ शिक्षकांविषयी मिळेल ते वाचू लागले. त्यात सर्वांत बोलके उदाहरण सापडले ते प्रशांत महासागरातील मार्शल बेटांचे.

ही बेटे हवाई आणि ऑस्ट्रेलिया यांच्या साधारण मधल्या वाटेवर आहेत. २९ कंकणद्वीपे आणि ५ सुटी बेटे मिळून जमीन अवघी १८१ चौरस किलोमीटर. म्हणजे आपला एखादा लहान तालुकाही तिच्याहून मोठा भरेल. कंकणद्वीप म्हणजे पोवळ्यांच्या खडकाची बांगडी. मध्ये शांत खाजण आणि बाहेर खवळलेला महासागर. जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून सरासरी जेमतेम दोन मीटर. नारळ, केवड्याच्या जातीची फळे, नीरफणस आणि मासे हे तेथील जुने अन्न. खोबरे वाळवून विकणे हा पैसा मिळविण्याचा जुना मार्ग. जमिनीचा वारसा आईकडून चालतो. येथील दर्यावर्दी लाटांचे वळण दाखविणारे नकाशे काड्या आणि कवड्या बांधून तयार करीत. तेव्हा या लोकांजवळ विद्या नव्हती असे म्हणणे धाडसाचे होईल. विद्या होती, ती आपल्या परीक्षेत बसणारी नव्हती, इतकेच.

या बेटांवर राज्यकर्ते बदलले तशा भाषा बदलल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन आले, १९१४ मध्ये जपानी आले, १९४४ मध्ये युद्धात अमेरिकेने बेटे जिंकली आणि १९४७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तिने कारभार पाहिला. जपानी अमदानीत शाळेत जपानी शिकलेल्या बापाच्या मुलाला इंग्रजी शिकावे लागले. फेरफटक्याला मार्शली भाषेत आजही ‘जांबो’ म्हणतात. तो शब्द जपानी ‘सांपो’ वरून आलेला. राज्य जाते, शब्द मागे राहतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आता स्वयंसेवकांकडे वळू. १ मार्च १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ‘पीस कोअर’ या संस्थेची स्थापना केली. तरुण अमेरिकनांनी दोन वर्षे परदेशी जाऊन तेथील लोकांत राहून काम करावे, अशी ती कल्पना. भारतातही हे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात होते. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६६ मध्ये, मुंबईच्या विक्रोळीत परिचारिका म्हणून आल्या होत्या, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. त्याच १९६६ साली मार्शल बेटांसह मायक्रोनेशियात स्वयंसेवकांचे मोठे पथक उतरले. काही काळ तर दर शंभर रहिवाशांमागे सुमारे एक स्वयंसेवक असे प्रमाण पडले. त्यांतले पुष्कळसे प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवीत.

एवढी उदारता कशासाठी? याचे उत्तर तपासले तर मन थोडे खट्टू होते. १९६३ मध्ये अँथनी सॉलोमन यांच्या समितीने अमेरिकन सरकारला अहवाल दिला होता. ही बेटे कायमची अमेरिकेशी जोडली जावीत म्हणून तेथे शिक्षणावर व विकासावर खर्च करावा आणि स्वयंसेवकही पाठवावेत, असा त्याचा रोख होता. बेटावर उतरलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या मनात बहुधा हे नसेल. ती खरोखरच सेवेसाठी आली असतील. परंतु पाठविणाऱ्याचा हेतू आणि जाणाऱ्याचा हेतू हे दोन वेगळे असू शकतात, ही गोष्ट अभ्यासकाने विसरता कामा नये.

या स्वयंसेवकाला वर्गात काय अडते? पहिली अडचण कानाची. मार्शली भाषेत ‘फ’ हा इंग्रजी उच्चार नाही आणि शब्दारंभीचे जोडाक्षर जिभेला पेलत नाही. त्यामुळे ‘स्कूल’चे ‘जिकूल’ होते. हसू नये, आमच्या आजीचे ‘ठेसन’ त्याच वाटेने आले आहे. दुसरी अडचण डोळ्यांची. तेथे ‘हो’ म्हणण्यासाठी भुवया वर उचलतात. नव्या मास्तराला वाटते मूल गप्प आहे, मंद आहे. वास्तविक मुलाने केव्हाच उत्तर दिलेले असते! आमच्या शाळांतही साहेबी थाटाच्या प्रश्नापुढे गप्प राहिलेल्या किती मुलांनी असे न दिसणारे उत्तर दिले असेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

चांगला स्वयंसेवक कोणता, हेही येथेच कळते. पीटर रुडियाक-गूल्ड हा अमेरिकन तरुण २००३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, उजाए या दूरच्या बेटावर वर्षभर इंग्रजी शिकवावयास गेला. त्याने स्वतः मार्शली भाषा शिकून घेतली, इतकेच नव्हे तर मागून येणाऱ्यांसाठी त्या भाषेचे पाठ्यपुस्तक लिहिले. पुढे तो मानववंशशास्त्राचा अभ्यासक झाला. त्याच्याही आधी, १९७६ मध्ये, मार्शली-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला, तो अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बायरन बेंडर आणि मार्शली अभ्यासक यांनी मिळून केलेला. इंग्रजी शिकवावयास जाणाऱ्याने प्रथम तेथील भाषेचा विद्यार्थी व्हावे, हा धडा या दोन्ही उदाहरणांतून मिळतो.

मग कोणी म्हणेल, इंग्रजी हवीच कशाला? हा प्रश्न शहरात बसून विचारणे सोपे आहे. अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात बिकिनी आणि एनेवेटाक येथे ६७ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४ च्या चाचणीची राख रोंगेलाप बेटावरील माणसांच्या अंगावर पडली. त्यानंतर काही आठवड्यांतच मार्शली लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे या चाचण्यांविरुद्ध अर्ज पाठविला. तो इंग्रजीत होता आणि त्यामागे ड्वाइट हाइने यांच्यासारखे शिक्षक होते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या हवामान परिषदेत कवयित्री कॅथी जेटनिल-किजिनर यांनी चढत्या समुद्राविषयी आपल्या तान्ह्या मुलीला उद्देशून कविता वाचली, तीही इंग्रजीत. राज्यकर्त्यांची भाषा राज्यकर्त्यांनाच जाब विचारण्यासाठी वापरली गेली. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला १८८२ मध्ये इंग्रजीत निवेदन दिले, त्याची येथे आठवण होते.

शिवाय पोटाचा प्रश्न आहेच. १९८६ च्या करारान्वये मार्शली नागरिकांना अमेरिकेत व्हिसाशिवाय राहता व नोकरी करता येते. आर्कान्सा राज्यातील स्प्रिंगडेल गावी कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यांत पुष्कळ मार्शली लोक कामाला आहेत. २०११ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ५३ हजार होती. २०२१ मध्ये ती ४२ हजारांच्या आसपास आली. म्हणजे इंग्रजी ही जशी जाब विचारण्याची भाषा आहे, तशी ती गाव सोडण्याचीही भाषा आहे. माझ्या वडिलांना माझ्या इंग्रजीचा अभिमान वाटतो आणि त्याच वेळी ‘पोरगी आता गावात राहायची नाही’ असेही ते आईजवळ म्हणतात. मार्शल बेटांवरील बापही असेच म्हणत असेल काय?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पाहुण्या शिक्षकाचा उपयोग होतो का? याचा शोध एका स्वयंसेवक शिक्षकानेच घेतला, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. मायकेल क्रेमर हा हार्वर्डचा पदवीधर केनियात एक वर्ष शिकवून आला आणि १९८६ मध्ये ‘वर्ल्डटीच’ ही संस्था उभी करण्यात त्याने पुढाकार घेतला. याच संस्थेने २००२ पासून मार्शल बेटांवर पदवीधर तरुणांना वर्षावर्षासाठी इंग्रजी शिकविण्यास पाठविले. क्रेमर मात्र पुढे अर्थशास्त्राकडे वळला. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी केनियातील शाळांना पाठ्यपुस्तके देऊन परिणाम मोजला. सरासरी गुण वाढले नाहीत. लाभ झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. कारण पुस्तके इंग्रजीत आणि इंग्रजी ही तेथील बहुतेक मुलांची तिसरी भाषा. दान चांगले होते, पण घेणाऱ्याला ते वाचता येत नव्हते!

याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि बडोदे येथील शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. या वस्तीतल्याच, दहावीपर्यंत शिकलेल्या मुली. त्यांना थोडे दिवस प्रशिक्षण आणि अल्प मानधन मिळे. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुले घेऊन त्या रोज दोन तास अक्षरओळख आणि अंकओळख पक्की करून घेत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात याची पाहणी केली, तेव्हा गुण वाढलेले दिसले आणि सर्वांत मागच्या मुलांना सर्वांत जास्त लाभ झाला. बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर या तिघांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅनर्जी यांच्या मातोश्री मूळच्या पाटणकर, हे मराठी वाचकाला सांगावयास हवे.

हार्वर्डचा पदवीधर आणि दहावी झालेली बालसखी यांत ज्ञान कोणाजवळ अधिक, हे सांगण्याची गरज नाही. परंतु मूल कोठे अडले आहे हे बालसखीला ठाऊक असते, ती मुलाच्या भाषेत बोलते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. माझ्या मते शिकविण्याच्या तीन कसोट्या याच होत. बेटावरचा मास्तर या कसोट्यांना उतरला तर परका असूनही तो उपयोगी; न उतरला तर शेजारच्या तालुक्यातून आलेली मीसुद्धा परकीच.

माझ्या सात दिवसांचा हिशेब मी या कसोट्यांवर मांडून पाहिला. तिन्हींत नापास! हे लिहिताना वाईट वाटते, पण नापासाचा निकाल कळल्याशिवाय पुन्हा परीक्षेला बसता येत नाही.

म्हणून गेल्या महिन्यात मी एकटीच एस.टी.ने त्या गावी गेले. गुरुजींना विचारले, “सर, मुलांचे काय अडते?” ते म्हणाले, “इंग्रजी राहू दे बाई, चौथीतल्या सात जणांना मराठीच धड वाचता येत नाही.” दर रविवारी येण्याचे मी कबूल केले आहे. चार रविवार झाले. सातपैकी दोघे आता ओळ वाचतात. ‘उद्यापासून कोण?’ या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून मजजवळ नाही. पण ‘रविवारी कोण?’ एवढ्याचे आहे. प्राध्यापक मंडळींनी आणि मित्रमैत्रिणींनी इतर वारांचा विचार करावा, एवढीच विनंती.