ज्येष्ठांचे घर आणि चौथी आज्ञा



जुलैचा चौथा रविवार ख्रिस्तसभा आजी-आजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिवस म्हणून पाळते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली हा दिवस सुरू केला. येशूचे आजी-आजोबा संत जोकीम व संत अॅना यांचा सण २६ जुलैला असतो, म्हणून हा रविवार निवडला गेला. या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार करू या. ख्रिस्तसभा वृद्धांसाठी घर काढते, ते कोणासाठी?

१. सुरुवात एका खाटेपासून

फ्रान्समधील एका कोळ्याची मुलगी जीन जुगान ही लोकांच्या घरी काम करून पोट भरत असे. १८३९ च्या हिवाळ्यात तिने एका अंध व लुळ्या वृद्धेला आपल्या खोलीत आणले, स्वतःची खाट तिला दिली आणि आपण माळ्यावर झोपू लागली. तेव्हा ती ४७ वर्षांची होती. पुढे आणखी वृद्ध येत गेले. त्यांच्यासाठी ती टोपली घेऊन दारोदार भीक मागू लागली. यातूनच ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ ही धर्मभगिनींची संस्था उभी राहिली. जीन १८७९ साली वारली, तेव्हा संस्थेत सुमारे २,४०० भगिनी होत्या. १८८२ साली या भगिनी कोलकात्याला आल्या. आपल्या जवळ, मुंबईत अंधेरीलाही त्यांचे घर आहे. तेथे गरीब वृद्धांना जातधर्म न पाहता आसरा मिळतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली जीनला संतपद बहाल केले.

म्हणजे आधी इमारत, मग वृद्ध, असे झाले नाही. आधी एक निराधार म्हातारी होती आणि तिच्यासाठी कोणीतरी आपली खाट सोडली.

२. संत पौलाने घालून दिलेला क्रम

आरंभीच्या ख्रिस्तसभेत विधवांच्या रोजच्या अन्नवाटपावरून कुरबुर झाली, तेव्हा प्रेषितांनी त्या कामासाठी सात जण नेमले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६). वृद्धांची व निराधारांची काळजी ही तेव्हापासून ख्रिस्तसभेची जबाबदारी आहे. पण तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय ५) संत पौल एक क्रम लावून देतो. ज्या विधवेला मुले-नातवंडे आहेत, तिचे आधी त्यांनी पाहावे. ख्रिस्तसभेवर तो भार टाकू नये. म्हणजे ज्यांना खरोखर कोणी नाही, त्यांना ख्रिस्तसभा पुरी पडेल. ख्रिस्तसभेच्या घरात खाटा मोजक्याच असतात. घरी सांभाळता येण्यासारख्या आईला तेथे ठेवले, तर एखाद्या निराधार आईची जागा जाते.

३. आजचा ‘कुर्बान’

संत मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना खडसावतो. आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे म्हटले की मुलगा मोकळा, अशी सोय त्यांनी काढली होती. वृद्धाश्रमाला मोठी देणगी द्यायची, नाताळला फळे वाटायची आणि घरच्या वडिलांशी महिनाभर बोलायचे नाही, हा आजचा कुर्बानच आहे. देणगी जरूर द्यावी. पण तिने चौथी आज्ञा फिटत नाही.

४. आपल्या भिवंडीत

यंत्रमाग जुना झाला की भंगारात जातो आणि त्याची किंमत वजनावर ठरते. वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा, असा भेद तत्त्वज्ञ कान्ट यांनी केला. काम थांबले म्हणून माणूस भंगारात निघत नाही; तो देवाच्या प्रतिमेचा असतो.

तरीही कोणाला दोष देण्याची घाई करू नये. एका खोलीत पाच-सहा माणसे, दोघेही कामावर, आई अंथरुणाला खिळलेली किंवा स्मृती हरपलेली, अशी घरे आपल्यात आहेत. तेथे चांगल्या आश्रमात ठेवणे हे पाप नव्हे. मात्र पत्ता बदलला तरी नाते बदलत नाही. ठरलेल्या दिवशी भेटणे, सणाला घरी आणणे, औषधपाणी पाहणे, पवित्र ख्रिस्तशरीर व रुग्णाभ्यंग मिळेल अशी व्यवस्था करणे, हे मुलांचेच काम राहते.

५. कायदाही जाणून घ्या

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांना मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केले आणि त्याने सांभाळले नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकते. म्हणून ज्येष्ठांनी बक्षीसपत्र करताना ही अट लेखी घालून घ्यावी.

चिंतनासाठी

१. आमच्या घरातील ज्येष्ठांशी या आठवड्यात मी किती वेळ बसून बोललो?
२. आमच्या चाळीत, इमारतीत एकटे राहणारे कोण आहे? त्यांचे नाव धर्मगुरूंना कळवले आहे का?
३. निराधारांच्या घरासाठी मी पैशांखेरीज काय सोडू शकतो?

प्रार्थना: हे प्रभू येशू, क्रुसावरून तू आपली आई योहानाच्या हाती सोपवलीस. आमच्या हाती सोपवलेल्यांना आम्ही अंतर देऊ नये, अशी कृपा आम्हांला दे. आमेन.