बाबांचा झूम कॅमेरा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याच्या घरी लोखंडी पेटी आवरताना बाबांचा जुना कॅमेरा सापडला. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, बटण दाबलं की नळी बाहेर येणारा. मी तो होस्टेलवर घेऊन निघालो तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "मागचं झाकण उघडू नको बरं. त्यात रोल हाय. तुह्या आजीचा शेवटचा पोळा हाय त्यात."

अमरावतीला रूमवर आल्यावर पहिल्याच संध्याकाळी माझ्या रूमपार्टनरचा अंगठा नेमका त्या झाकणाच्या खटक्यावर गेला. "अबे थांब नं बे!" मी असा ओरडलो की बाजूच्या रूममधले पोट्टे धावत आले. झाकण उघडलं तर काय होतं, हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. म्हणून हा लेखप्रपंच!

रोल म्हणजे काय?

३५ मिमीच्या रोलवर २४ बाय ३६ मिमीची एकेक चौकट असते. प्रकाश पडला की फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांत बदल होतो, पण रसायनात धुतल्याशिवाय चित्र दिसत नाही. मधेच झाकण उघडलं तर बाहेर असलेल्या फिल्मवर प्रकाश पडून काढलेले फोटोसुद्धा जातात. रोल अर्धवट असताना काढायचाच असेल तर कॅमेऱ्यावर रिवाइंडचं बारीक बटण असतं, ते टाचणीने किंवा पेनाच्या टोकाने दाबायचं. मोटर फिल्म पूर्ण गुंडाळून थांबली की मगच झाकण उघडायचं.

रोलच्या डबीवर काळे-चंदेरी चौकोन असतात. हा डीएक्स कोड १९८३ मध्ये आला. कॅमेऱ्यातल्या पिना त्या चौकोनांना टेकतात आणि फिल्मचा वेग, म्हणजे आयएसओ, आपोआप वाचला जातो. आमच्या कॅमेऱ्याच्या मागच्या खिडकीतून डबीवर १०० आणि २४ हे आकडे दिसत होते. तीन व्होल्टची सीआर १२३ बॅटरी टाकली तर पडद्यावर १९ आलं. म्हणजे पाच फोटो शिल्लक. बाबांना फोन केला. म्हणाले, "काढून टाक पाच. शिकशीन तरी."

झूमचं गणित

पहिला झूमवाला कॉम्पॅक्ट कॅमेरा पेंटॅक्सने १९८६ मध्ये आणला, ३५ ते ७० मिमीचा. पुढे झूमची चढाओढच लागली. आमच्या लेन्सभोवती "३८–१४० मिमी, १:४–११" असं छापलं आहे. यातली पहिली जोडी नाभीय अंतराची. ३८ वर आडवा दृश्यकोन सुमारे ५१ अंश, तर १४० वर फक्त १५ अंश. इथे भिंगं खरोखर पुढेमागे सरकतात. मोबाइलवर दोन बोटांनी चित्र ताणतो तेव्हा बहुतेक वेळा ते नुसतं कापून मोठं केलेलं असतं.

पण फुकट काहीच नाही. दुसरी जोडी बघा. ३८ वर एफ ४ आणि १४० वर एफ ११. अकराला चारने भागून वर्ग केला तर साडेसात येतात. म्हणजे पूर्ण झूम केल्यावर फिल्मवर साधारण एक अष्टमांश प्रकाश पोहोचतो. त्यात हाताची थरथर झूमबरोबर वाढते. ढोबळ नियम असा की १४० मिमीला शटर निदान १/१४० सेकंद तरी हवं. आयएसओ १०० वर, एफ ११ ला, कडक उन्हात १/२०० मिळतं, म्हणजे काम भागतं. आभाळ आलं की तेच १/२५ वर येतं आणि फोटो हलतो.

फ्लॅशचंही तसंच. फ्लॅशची ताकद गाइड नंबरने मोजतात. तो १२ धरला तर आयएसओ १०० वर एफ ४ ला प्रकाश तीन मीटरपर्यंत पुरतो, एफ ११ ला जेमतेम एक मीटर. जुन्या अल्बममधले गॅदरिंगचे फोटो काळे का, ते आता कळलं असेल. दहाव्या रांगेतून झूम करून फ्लॅश मारल्यावर समोरच्याच्या डोक्यामागचे केस तेवढे उजळणार!

माझे पाच फोटो

पुढच्या रविवारी एसटीने परतवाड्यावरून चिखलदऱ्याला गेलो. पहिला फोटो घाटातून, बसच्या बंद काचेतून घेतला. हा कॅमेरा इन्फ्रारेड किरण सोडून, तो परत कोणत्या कोनातून येतो त्यावरून अंतर काढतो. किरण काचेवरूनच परतला आणि डोंगर धूसर आला. अशा वेळी डोंगराचं चिन्ह असलेला मोड लावायचा असतो. दुसरा फोटो दोन मित्रांचा. फोकसची चौकट दोघांच्या मधल्या फटीवर होती, त्यामुळे मागची झाडं स्पष्ट अन् मित्र पुसट. एकाच्या चेहऱ्यावर चौकट ठेवून बटण अर्धं दाबायचं, तसंच धरून चौकट जुळवायची आणि मग पूर्ण दाबायचं, हे नंतर समजलं. तिसरा जवळून घेतला आणि मित्राचं डोकं कापलं गेलं. बघायची खिडकी लेन्सच्या बाजूला असते, त्यामुळे जवळच्या वस्तूला फरक पडतो. खिडकीतल्या खुणांच्या आत चेहरा ठेवायला हवा होता. चौथा आणि पाचवा, गाविलगडाचा दरवाजा उन्हात ३८ वर, दोन्ही चांगले आले.

पाचव्यानंतर मोटर आपोआप घरघरली आणि रोल डबीत गेला. तो कुरिअरने बाहेरगावच्या लॅबला पाठवला. रंगीत रोल सी-४१ पद्धतीने धुतात, त्याचा डेव्हलपर ३७.८ अंशांवर असावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणीच त्याहून गरम असतं! त्याच उन्हाळ्यात हा रोल वीस वर्षं पेटीत पडून होता. म्हणून फार आशा नव्हती.

एकोणीसपैकी अकरा फोटो आले, लालसर झाक असलेले. आजीचे दोन होते. एक बाबांनी संध्याकाळी रस्त्यापलीकडून पूर्ण झूम करून काढलेला. त्यात बैलजोडी ओळखू येते, आजी नाही. दुसरा अंगणात, तीन-चार पावलांवरून, फ्लॅश मारून. त्यात आजीच्या हातातलं ताट, त्यातला दिवा, कपाळावरचं कुंकू, सगळं दिसतं. बाबांनी दोन्ही बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "तवा वाटलं झूम हाय, कायले उठून जा. जवळ जायला पाह्यजे होतं."

मित्रांनो, घरच्या पेटीत असा कॅमेरा असेल तर एवढं लक्षात ठेवा:

१. आधी मागच्या खिडकीतून रोल आहे का ते बघा. झाकण नंतर.
२. अंधारात झूम नको. पाय वापरा.
३. रोल उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. पत्र्याच्या खोलीतही नको.
४. इंजिनिअर आहोत म्हणून स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते बराच काळ टिकतात.

आणि घरी गेल्यावर विचारा, त्या रोलमध्ये कोण आहे.