जहाज लहान घ्यावं की मोठं? शिक्रापूरहून निघणाऱ्यांसाठी खर्चाचा हिशेब

एजंटला फोन करण्याआधी एक गोष्ट घरात ठरवा. तुम्हाला जहाजावर मजेत राहायचं आहे, की जहाजातून उतरून काही पाहायचं आहे? राहायचं असेल तर मोठं आलिशान जहाज घ्या, उतरायचं असेल तर लहान 'एक्सपिडिशन' जहाज. हे न ठरवता गेलात तर फसगत ठरलेली. दोन्हींच्या पत्रकांवर तोच बर्फ आणि तेच पेंग्विन छापलेले असतात, पण दरात दुपटी-तिपटीचा फरक असतो. तो फरक कशाचा, हे पत्रकात लिहिलेलं नसतं.

समुद्रावर कधीच गेला नसाल तर थेट दहा लाखांचं बुकिंग करू नका. आधी मुंबईहून दोन-तीन रात्री जाऊन या. 'कॉर्डेलिया' कंपनीचं 'एम्प्रेस' हे मोठं जहाज पावसाळा सोडून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करतं. १९९० सालची बांधणी, अकरा मजले, आठशेच्या आसपास केबिन. दोन रात्रींसाठी माणशी अंदाजे २० ते ३५ हजार धरा. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात याहून जास्त. बिनखिडकीची केबिन सगळ्यात स्वस्त, आणि दोन रात्रींसाठी ती पुरते. जाहिरातीतला आकडा मात्र नुसत्या भाड्याचा असतो. बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी त्यावर चढतात. दारू, इंटरनेट, खास रेस्टॉरंट आणि गोव्यात उतरल्यावरची सहल हे सगळं वेगळं. म्हणून 'सगळं धरून, केबिनचे एकूण किती?' एवढंच विचारा आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. कागदपत्रांत देशांतर्गत फेरीला आधार किंवा मतदार ओळखपत्र चालतं. परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट लागतो. सहा महिन्यांच्या पुढच्या गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत, तेव्हा घरात तसं कुणी असेल तर पैसे भरण्याआधीच विचारा.

जहाज बॅलार्ड पिअरहून सुटतं. शिक्रापुरातून निघताना वाघोलीच्या कोंडीत अडकण्यापेक्षा चाकण-तळेगावमार्गे द्रुतगती महामार्ग गाठा. चाकणला कंटेनरची रांग लागते, म्हणून पहाटे पाचच्या आत घर सोडा. चेक-इन बंद झालं की जहाज कुणासाठी थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. स्वतःची गाडी नेऊ नका, कारण दोन-तीन दिवस ती ठेवायची कुठे हा प्रश्न पडतो. सोडायला आणि आणायला भाड्याची गाडी करा, एका वेळेला साधारण पाच-सहा हजार. टोल त्यात धरला आहे का ते आधीच बोला. अटल सेतूने गेलात तर तो टोल वेगळा. २०२४ साली पूल सुरू झाला तेव्हा मोटारीला एकेरी २५० रुपये ठरले होते.

या फेरीत स्वतःला नीट पारखून घ्या. जहाज हलल्यावर पोटात काय होतं? बंद केबिनमध्ये झोप लागते का? संध्याकाळचा कार्यक्रम, गर्दी, जेवणाची रांग आवडली की दुसऱ्याच दिवशी कंटाळा आला? गर्दी आवडली असेल तर मोठंच जहाज तुमचं. तिथे लिफ्ट आहे, मोठा दवाखाना आहे, नातवंडांना पोहायचा तलाव आहे, आणि लाटांत ते कमी हलतं. गुडघेदुखीच्या आजी-आजोबांना घेऊन जाणार असाल तर दुसरा विचारच करू नका.

आता लहान जहाज. आपल्याकडून लोक ते बहुतेक अंटार्क्टिकासाठी घेतात, आणि सगळ्यात जास्त दिशाभूलही तिथेच होते. तिथला नियम पाठ करून ठेवा. अंटार्क्टिकाच्या पर्यटन कंपन्यांची 'आयाटो' नावाची संघटना १९९१ साली स्थापन झाली. तिच्या नियमाप्रमाणे एका ठिकाणी एका वेळी फक्त १०० प्रवासी उतरू शकतात, आणि ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कुणालाही उतरता येत नाही. मोठं जहाज बर्फाजवळून फिरतं, तुम्ही डेकवरून बघता आणि परत येता. पत्रकात त्याला 'सीनिक क्रूझिंग' म्हणतात. हा शब्द दिसला की समजा, पाय जमिनीला लागणार नाही. अशी सफर दोन-अडीच लाखांपासून मिळते, आणि नुसतं दर्शन घ्यायचं असेल तर त्यात काही वावगं नाही. पण 'अंटार्क्टिकावर पाऊल ठेवा' असं सांगून हीच सफर विकणारा भेटला तर तिथून उठा.

म्हणून पहिला प्रश्न केबिनचा विचारू नका, प्रवासी किती ते विचारा. शंभरच्या आसपास असतील तर सगळे एकदम उतरतात. १५० ते २०० असतील तर दोन गट होतात. एक गट किनाऱ्यावर, दुसरा रबरी बोटीतून फेरी मारतो आणि मग अदलाबदल. हेही चांगलंच. २०० ते ५०० च्या जहाजांना उतरायच्या जागा कमी मिळतात आणि तुमची पाळी उशिरा येते. माझ्या मते २०० च्या वर जाऊ नका. भाडं थोडं कमी दिसतं, पण ज्यासाठी एवढ्या लांब गेलात तेच कमी होतं.

दुसरा प्रश्न, उतरण्याचे दिवस किती? 'दहा रात्री, अकरा दिवस' वाचून हुरळू नका. अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघाल्यावर ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला जाताना दोन दिवस लागतात आणि येताना दोन. हाती राहतात चार-पाच दिवस. भाड्याला त्या चार-पाच दिवसांनी भागा आणि मग दोन कंपन्यांची तुलना करा. एकूण रात्रींनी भागून काढलेला दर फसवा असतो. ड्रेक टाळून चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने जाण्याचीही सोय आहे. ती बरीच महाग, आणि हवा बिघडली की विमान एक-दोन दिवस खोळंबतं. त्या वेळच्या हॉटेलचा खर्च कुणाचा, ते लेखी घ्या.

तब्येतीचंही प्रामाणिकपणे बघा. जहाजाच्या बाजूच्या शिडीवरून खाली रबरी 'झोडिअ‍ॅक' बोटीत उतरायचं असतं. बोट लाटेवर वर-खाली होत असते. खलाशी हात पुढे करतो. त्याचा पंजा धरायचा नसतो, एकमेकांचं मनगट घट्ट धरायचं. मग एक पाय बोटीच्या फुगीर कडेवर, दुसरा आत, आणि लगेच बसायचं. किनाऱ्यावर पोचल्यावर कडेवरून पाय टाकून गुडघ्याखालच्या पाण्यात उतरायचं. हे दिवसातून दोनदा. घराच्या जिन्यावरून कठड्याला न धरता चढ-उतार जमत असेल तर हेही जमेल. जमत नसेल तर एवढे पैसे घालू नका.

आता रोकडा हिशेब. डॉलर ९० रुपये धरा. लहान जहाजात दोघांत एक केबिन, दहा रात्री, मधल्या दर्जाचं भाडं माणशी ८,००० डॉलर, म्हणजे ७ लाख २० हजार. मुंबई-ब्यूनोस आयर्स येण्याजाण्याचं विमान दीड ते दोन लाख. तिथून उशुआयाचं विमान तीस-पस्तीस हजार, बॅगेचे पैसे अनेकदा वेगळे. हॉटेल आणि गाड्या चाळीस हजार. विमा पंधरा-पंचवीस हजार. कर्मचाऱ्यांची टिप दिवसाला १५ डॉलर धरली तरी पंधरा हजार. थंडीचे कपडे वीस-तीस हजार. माणशी दहा लाखांच्या आत हे क्वचितच बसतं. एजंट सात लाख सांगतो तेव्हा तो फक्त पहिली ओळ सांगत असतो.

ब्यूनोस आयर्सला दोन विमानतळ आहेत. परदेशी विमान बहुधा एसेइसाला उतरतं आणि उशुआयाचं बरंचसं शहरातल्या एअरोपार्केहून सुटतं. मध्ये बॅगा घेऊन शहर ओलांडावं लागतं. दोन विमानांत तीन तासांचंच अंतर ठेवलेलं तिकीट घेऊ नका. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच उशुआयात पोचा, एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचवायला जाऊ नका.

विम्यात 'आपत्कालीन स्थलांतर' हा शब्द आणि त्याची रक्कम शोधा. अंटार्क्टिकाला बहुतेक कंपन्या किमान एक लाख डॉलरचं संरक्षण मागतात, काही त्याहून जास्त. आपल्याकडच्या साध्या प्रवास विम्यात अंटार्क्टिका वगळलेलंही असतं. रक्तदाब, साखर, अँजिओप्लास्टी लपवू नका. दावा नामंजूर व्हायला तेवढंच कारण पुरतं.

एकटे जाणार असाल तर केबिनचं दीडपट ते दुप्पट भाडं लागतं. त्यावर सरळ उपाय आहे. केबिन वाटून घ्यायची तयारी दाखवा, बऱ्याच कंपन्या त्याच लिंगाचा प्रवासी जोडून देतात आणि जादा पैसे घेत नाहीत. मित्रमंडळ असेल तर तिघांची केबिन विचारा. कंपनी थंडीचं जाकीट देते का, ते कायमचं मिळतं की वापरून परत करायचं, बूट उसने मिळतात का, हेही विचारा म्हणजे पुण्यात उगाच खरेदी होणार नाही. कयाक आणि बर्फावरचा मुक्काम यांना शेकडो डॉलर वेगळे पडतात. 'उशुआयाला जाऊन ऐनवेळी स्वस्त तिकीट घ्या' हा सल्ला ऐकू नका. अर्जेंटिनाच्या व्हिसाच्या अर्जाला आधी पक्कं बुकिंग लागतं, आणि विमानाचंच तिकीट एवढं महाग आहे की जहाज न मिळालं तर सगळं वाया.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने चालणारा हवा. नवा काढायचा तर पुण्यातल्या मुंढव्याचं केंद्र, ३६ पानांना १,५०० रुपये, तत्काळला आणखी २,०००. पडताळणी शिक्रापूर पोलीस ठाण्यातून होते, पत्ता आधारवर आहे तसाच लिहा. व्हिसा अनेक प्रवेशांचा मागा, कारण जहाजातून परत येताना तुम्ही अर्जेंटिनात दुसऱ्यांदा शिरता. नोकरदारांनी पगारपत्रकं, फॉर्म १६ आणि कंपनीचं रजेचं पत्र जोडा. शेतकऱ्यांनी नुसत्या सातबाऱ्यावर विसंबू नका. त्याचा इंग्रजी अनुवाद, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या आणि सीएचा मालमत्ता दाखला एकत्र द्या. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक मोठी रक्कम भरू नका, शंका येते.

आणि पिवळ्या तापाची लस. अर्जेंटिना भारत सरकारच्या यादीत आहे. परत येताना दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि तो आयुष्यभर चालतो. ती गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते. अंटार्क्टिकाऐवजी इक्वेडोरच्या गालापागोस बेटांवर जायचं असेल तरी हेच लागू. तिथे उद्यानाचं शुल्क ऑगस्ट २०२४ पासून मोठ्या परदेशी माणसाला २०० डॉलर झालं आहे आणि अनेक पॅकेजांत ते धरलेलं नसतं.

पैसे भरताना खातं कंपनीच्या नावाचं आहे ना, ते बघा. एजंटच्या वैयक्तिक नंबरवर एक रुपयाही पाठवू नका. पॅकेजवरचा जीएसटी आणि टीसीएस वेगवेगळ्या ओळीत दाखवायला सांगा. टीसीएसचा दर अर्थसंकल्पात बदलतो, म्हणून तो भरण्याच्या दिवशीचा विचारा. हा पैसा तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो. रिटर्न भरत नसाल तर तो अडकून पडतो. परदेशी कंपनीला कार्डाने थेट भरलं तर बँक दोन ते साडेतीन टक्के वर लावते, आठ लाखांवर ते सोळा ते अठ्ठावीस हजार होतात. रद्द करण्याच्या अटी तारखांसकट वाचा. निघण्याच्या ९० दिवस आत रद्द केलं तर बहुतेक वेळा जवळजवळ सगळी रक्कम जाते.

ठरलं ते मिळालं नाही तर आधी कंपनीला ईमेल करा, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन. तरी दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंत भरलेल्या रकमेची तक्रार तिथे चालते, पाच लाखांपर्यंत फी नाही आणि त्यापुढे दहा लाखांपर्यंत २०० रुपये. कंपनी मुंबईची किंवा दिल्लीची असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यात करता येते. कोटेशन, पावती, पत्रक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं तोवर जपून ठेवा.